आधी थांबायचं, मग विचारायचं

शुक्रवार, सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. गोदामाच्या तळमजल्यावरचे दिवे लावून ती जिन्याकडे निघाली होती. कमरेला चाव्यांचा जुडगा, खांद्यावर पिवळं फडकं, पायात रबरी तळव्यांचे बूट. रात्रपाळीचा पहारेकरी जाता जाता नेहमीसारखा म्हणाला, "किल्लेदार, गड सांभाळा." एरवी ती त्याला विचारते, की रात्रभर गड कुणी सांभाळला, त्यानं की त्याच्या उशीनं. त्या दिवशी तिनं काही विचारलं नाही. तो उत्तराची वाट बघत जरा रेंगाळला आणि निघून गेला.

इमारतीची सगळी देखभाल तिच्याकडे आहे. दिवे, पाणी, कुलपं, झाडलोट करणाऱ्यांच्या पाळ्या, लिफ्ट अडकली तर कुणाला बोलवायचं, सगळं. पन्नाशी उलटली आहे. लग्न जमलं नाही आणि नंतर जमवायची घाई राहिली नाही. नदीपलीकडे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेल्या घरात ती वडिलांसोबत राहते; आई आता नाही.

त्या शुक्रवारी दोन कामं ठरलेली होती. पाचव्या मजल्यावर नदीकडच्या शेवटच्या दारात काच बसायची होती. आणि नऊ वाजता तिचा धाकटा भाऊ वडिलांना आपल्या घरी घेऊन जाणार होता, कायमचं. ऐकणाऱ्याला ही दोन वेगळी कामं वाटतील. पण दुसरं काम पहिल्यामुळेच निघालं होतं.

शहरात गोदामं बरीच आहेत, पण नुसतं 'गोदाम' म्हटलं की हीच इमारत. आत माल येणं बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी नाव सुटलेलं नाही. टॅक्सीवाले आजही विचारतात, गोदामाच्या अलीकडे की पलीकडे. बोटींनी माल यायचा त्या काळात एका व्यापारी कंपनीनं ती बांधली आणि काटकसर म्हणून कार्यालय आणि कोठार एकाच छपराखाली घेतलं. त्यामुळे इमारतीला दोन तोंडं आहेत. रस्त्याकडे दगडी खांब, रुंद पायऱ्या, पितळी मुठीचा दरवाजा आणि वर घड्याळ. नदीकडे सपाट विटांची भिंत आणि तिच्यात एकावर एक अशी पाच लाकडी दारं. त्या दारांबाहेर ना पायरी, ना सज्जा. उघडलं की थेट हवा, आणि खाली बोटी लागायचा धक्का. सगळ्यात वरच्या दारावर भिंतीतून एक लोखंडी तुळई बाहेर आलेली आहे. तिच्यावरून दोर खाली सुटायचा, बोटीतल्या गोण्या आणि गासड्या उचलायचा आणि हव्या त्या मजल्याच्या दारात आणून सोडायचा. ही यारी.

दोन बाजूंच्या मधे एक जाड भिंत आहे आणि दर मजल्यावर तिच्यात एकच लोखंडी दार. कार्यालयातले लोक नदीकडच्या भागाला 'मागची बाजू' म्हणत. हमाल रस्त्याकडच्या भागाला 'मागची बाजू' म्हणत. इमारतीचं तोंड आपल्याकडे आहे याबद्दल दोघांनाही शंका नव्हती.

तिचे वडील त्या यारीवर होते. पाचव्या दाराच्या उंबऱ्याशी, हातात दांडा धरून त्यांनी सगळी नोकरी काढली. हमालांनी त्यांचं नाव 'वरचा' ठेवलं होतं. कामावर उशिरा येणाऱ्याला बाकीचे म्हणत, "वरचा बघतोय हं." एखादी गासडी सुखरूप पोचली की म्हणत, "वरच्याची कृपा." वडिलांना त्याचा राग नव्हता. खाली काहीही बिघडलं तरी माणसं आधी वर बघतात, तेवढं सोडलं तर नाव चांगलं आहे, असं ते म्हणत.

नदीवर वारा असतो. पाचव्या मजल्यावरून मारलेली हाक धक्क्यावर पोचत नाही आणि धक्क्यावरची तर दुसऱ्या मजल्यालाही ऐकू येत नाही. त्यामुळे यारीचं सगळं बोलणं हातांचं. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की उतरव. तळहात खाली करून हवा थोपटली की हळू. मूठ आवळली की आहे तसं धरून ठेव. हात डोक्यावर ठेवला की माल पोचला. आणि दोन्ही हात पसरून जोरात हलवले की थांब.

बाकीच्या खुणा करायचा अधिकार एकट्या मुकादमाला होता. 'थांब' मात्र कुणीही करावी. हमालानं, कारकुनानं, बोटीवरच्या पोऱ्यानं, रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसानं. वर असलेल्याला जे दिसत नाही ते खालच्या कुणालाही दिसलेलं असू शकतं. यारीवाल्यानं आधी थांबायचं, मग विचारायचं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडलेला कुणाला आठवत नव्हता.

ती सात वर्षांची असताना एकदा शाळा लवकर सुटली आणि ती घरी जाण्याऐवजी धक्क्यावर आली. वर, पार वर, दारात बाबा उभे होते. तिनं पोरं हलवतात तसे दोन्ही हात हलवले. एक मोठी गासडी तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या दाराच्या मधे होती. ती तिथेच थांबली. खालचे हमाल सवयीनं बाजूला झाले. बोटीवरचे माना वर करून उभे राहिले. सगळा धक्का गप्प झाला आणि गासडी वाऱ्यावर हळूहळू फिरत राहिली.

कार्यालयाच्या बाजूनं मोठे साहेब लोखंडी दारातून पाचव्या मजल्यावर आले. त्यांनी विचारलं, की खूण कुणी केली. वडिलांनी खाली बोट दाखवलं.

"तुमची मुलगी ना ती?"

"हो."

"नुसती हात हलवतेय हे दिसत नव्हतं तुम्हाला?"

"दिसत होतं साहेब. पण खूण झाली."

साहेबांनी खाली पाहिलं, गासडीकडे पाहिलं आणि मग ते हसले. म्हणाले, आता तिला विचारा तरी, पुढे उचलायचं का. वडिलांनी वरून मूठ दाखवली. तिला त्याचा अर्थ कळला नाही, पण ती हात खाली करून गप्प उभी राहिली आणि गासडी पुन्हा निघाली. पुढे कित्येक महिने हमाल तिला 'वरच्याची वरची' म्हणत.

त्या संध्याकाळी वडिलांनी तिला रागावलं नाही. जेवण झाल्यावर समोर बसवून सगळ्या खुणा शिकवल्या. भाऊ तेव्हा रांगत होता, तो पुढे आपोआप शिकला. आई आधीच शिकली होती. घरात त्या खुणा वापरात आल्या त्या गेल्याच नाहीत. चहा ओतताना मूठ आवळली की पुरे. ताट गरम असलं की हवा थोपटायची. दूध उतू जाऊ लागलं की कुणीतरी बोट खाली करून फिरवायचं. आणि निरोप देताना कुणी हात हलवायचा नाही, हे न सांगता ठरलं. भाऊ शिकायला परगावी निघाला तेव्हा बसशेजारी उभं राहून आईनं त्याला हळू जा म्हणून हवा थोपटली. ड्रायव्हरला वाटलं, आपल्यालाच सांगताहेत. तो म्हणाला, "अहो बाई, अजून सुटलीही नाही."

माल रस्त्यानं जाऊ लागला तशा बोटी कमी झाल्या आणि एका वर्षी आल्याच नाहीत. कंपनीनं आधी नदीकडची बाजू बंद केली, मग रस्त्याकडची. ती तेव्हा कार्यालयात टपाल वाटायच्या कामावर होती. बाकीच्यांना घरी पाठवलं, पण चाव्या कुणाकडे तरी राहायला हव्यात म्हणून तिला ठेवलं. मधे काही वर्षं इमारतीत जुनं फर्निचर साठवलं जात होतं, काही वर्षं काहीच नव्हतं. मालक बदलले. प्रत्येक नव्या मालकानं चाव्या मागितल्या आणि कोणती कशाची हे कळेना तेव्हा जुडगा तिलाच परत दिला.

या सगळ्या काळात एक गोष्ट रोज होत राहिली. सकाळी ती नदीकडची पाचही दारं उघडायची आणि तासाभरानं लावायची. तसं नाही केलं तर नदीच्या ओलीनं लाकूड फुगतं आणि दारं चौकटीत घट्ट बसतात. मोकळी करायची तर सुताराला बोलवावं लागतं. वडिलांनी निवृत्त होताना तिला एवढंच एक काम सांगितलं होतं.

तीन वर्षांपूर्वी वडिलांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला. दवाखान्यातून त्यांना एक पाटी मिळाली. लिहिणं त्यांना आवडत नाही. दोन अक्षरं लिहीपर्यंत सांगायची गोष्ट शिळी होते, असं त्यांच्या तोंडावर दिसतं. बाकी घरात अडलं नाही. न बोलता बोलायची सवय त्या घराला आधीपासून होती.

पण ती कामावर गेल्यावर ते दिवसभर एकटे. मोबाइल घेऊन दिला. तो वाजला की ते उचलून कानाला लावत आणि पलीकडचा बोलून थकेपर्यंत ऐकत. व्हिडिओ कॉल केला तरी कानालाच लावत. भाऊ म्हणायचा, मला आता बाबांचा डावा कान तोंडपाठ झाला आहे.

मग तिला पाचवं दार सुचलं. नदी इथे अरुंद आहे. समोरच्या काठावरच्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही, पण हात कळतात. रोज आठाला दहा मिनिटं कमी असताना ती पाचव्या दारात, आडव्या साखळीच्या आत उभी राहायची, पिवळं फडकं झटकायची आणि हात डोक्यावर ठेवायची. माल पोचला. पलीकडे बाहेरच्या खोलीच्या खिडकीत पांढरा टॉवेल हलायचा, मग वडिलांचा हात डोक्यावर जायचा, मग ते हवा थोपटायचे. हळू. दुपारी एकला पुन्हा एकदा. एवढंच.

गेल्या वर्षी एका दुपारी टॉवेल दिसला नाही. तिनं दोनदा फडकं झटकलं, मग जिना आणि पूल पळत ओलांडला. वडील मोरीत घसरून पडले होते. हाड मोडलं नव्हतं, पण त्यांना उठता येत नव्हतं आणि हाक मारायला आवाज नव्हता.

यंदा नव्या मालकांनी नदीकडची बाजूही कार्यालयांसाठी करायला घेतली. आर्किटेक्ट बाई तरुण आहेत, कामाला चोख आणि बोलायला नीट. त्यांनी तिला सगळ्यात आधी विश्वासात घेतलं. दारं खालून कुजली आहेत. ती दुरुस्त करून दोन्ही बाजूंना उघडी ठेवायची, म्हणजे इमारतीचा चेहरा बदलणार नाही, आणि चौकटीत पक्की काच बसवायची. तुळई तपासून घेतली आहे, ती राहील. आतल्या हवेसाठी यंत्रणा असल्यामुळे रोज दारं उघडायची गरज उरणार नाही. यातलं काहीही चुकीचं नव्हतं. तिला स्वतःला पाच मजले रोज चढणं आता जड जाऊ लागलं होतं.

पहिली काच बसली त्या दुपारी ती घरी गेली आणि तिनं खिडकीतून पाहिलं. ऊन आत येऊ नये म्हणून ती काच गडद होती. पलीकडून तिच्यात फक्त ढग दिसत होते. वडील शेजारी उभे होते. त्यांनी दोन्ही तळहात उघडून दाखवले. यारीच्या खुणांमध्ये याला काही अर्थ नाही.

तिनं हे भावाला फोनवर सांगितलं, कारण लपवणं बरं नव्हतं. भाऊ वाईट नाही. चार तासांच्या अंतरावर राहतो, घरात बायको आणि दोन मुलं आहेत, म्हणजे दिवसभर कुणीतरी असतं. वडील पडले तेव्हापासून तो बाबांना इकडे पाठव म्हणत होता. इतके दिवस तिच्याकडे एक उत्तर होतं: मला ते दिसतात. आता भावानं विचारलं, "ताई, पुढच्या वेळी पडले तर तुला कसं कळणार?" तिनं म्हटलं, बरोबर आहे तुझं.

संध्याकाळी तिनं वडिलांना सांगितलं, की तो न्यायला येतो म्हणतोय. वडिलांनी पाटी घेतली आणि एकच शब्द लिहिला. जातो. तिनं पुढे विचारलं नाही. त्यांनीही पाटी पुसली नाही, ती तशीच कपाटावर राहिली.

त्या आठवड्यात घरात एक गोष्ट खटकण्यासारखी झाली, पण ती तिनं मनावर घेतली नाही. बाहेरच्या खोलीतली वडिलांची खुर्ची रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात सापडायची, ओट्याच्या अगदी वाटेत. एकदा तिचा गुडघा लागला. ती म्हणाली, "बाबा, जाण्याआधी मला लंगडी करून जाणार आहात का?" वडिलांनी मान वळवली. ती रोज खुर्ची जागेवर नेऊन ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ओट्यापाशी असायची.

गुरुवारी भाऊ गाडी घेऊन आला. कपड्यांची बॅग भरली. शुक्रवारी सुट्टी घ्यायची तिची तयारी होती, पण काच बसवणाऱ्यांना वरचं दार तिनंच उघडून द्यायला हवं होतं. शिवाय वडिलांनी बोट वर करून फिरवलं. उचल. म्हणजे जा कामाला. नऊच्या आत येते असं सांगून ती निघाली.

पाचव्या मजल्यावर पोचली तेव्हा काच बसवणारे दोघे आत तयार होते. बाकीचे त्यांच्या मुकादमाबरोबर धक्क्यावर. ऊन वर येण्याआधी काच चढवायची होती, म्हणून त्यांनी आठाची वाट न बघता ती पट्ट्यांमध्ये अडकवून उचलायला घेतली होती. जुन्या तुळईलाच विजेवर चालणारी यारी टांगली होती. तिनं दार उघडून दिलं आणि ती साखळीच्या आत उभी राहिली. दोघांपैकी एकानं थट्टेत विचारलं, "ताई, पलीकडे कोण आहे?" ती म्हणाली, "वडील."

आठाला दहा कमी. तिनं फडकं झटकलं आणि हात डोक्यावर ठेवला.

पलीकडच्या खिडकीत वडील उभे होते. टॉवेल नव्हता. हात डोक्यावर गेला नाही. त्यांनी दोन्ही हात पसरले आणि जोरात हलवले. थोडं थांबले. पुन्हा हलवले.

दुसऱ्या कुठल्याही घरातल्या मुलीला वाटलं असतं, जाताना निरोप देताहेत. तिला तसं एक क्षणही वाटलं नाही. आत काय झालंय, कुणाला काही लागलंय का, गाडी बिघडली का, हे तिला ठाऊक नव्हतं. ते विचारायचं नंतर. तिनं दारात उभ्या उभ्या स्वतःचे दोन्ही हात पसरून हलवले. ही खूण वडिलांना, कळलं म्हणून केली, की कुणाला, ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. पण खाली मुकादमानं ती पाहिली. धक्क्यापासून पुरुषभर उंच गेलेली काच जागच्या जागी थांबली. विजेच्या यारीवर काम करणाऱ्यांतही नियम तोच आहे.

तिनं भावाला फोन लावला.

"बॅग खाली ठेव."

"काय झालं ताई?"

"माहीत नाही. बाबांनी थांब केलंय."

भाऊ म्हणाला, "मलाही केलंय. आत्ताच." आणि मग, "ठेवली."

तिनं खाली येऊन मुकादमाला सांगितलं, की माझ्यामुळे तुमचं काम अडलं. तो म्हणाला, अडलं तर अडलं, काच उतरवून ठेवतो, तुम्ही विचारून या. मागच्या वर्षी पुलावरून ती पळाली होती. या वेळी चालत गेली. पळण्यासारखं काही असतं तर भावानं सांगितलं असतं.

घरी बॅग दारात होती आणि भाऊ तिच्यावर बसला होता. वडील स्वयंपाकघरात खुर्चीत होते, पायात बूट घातलेले. भाऊ सांगू लागला. चहा झाला, औषधं भरली, बूट त्यानंच चढवून दिले. मग वडील खिडकीशी गेले. निघायचं म्हणून त्यानं त्यांच्या दंडाला धरलं, तेव्हा ते वळले आणि त्याच्या तोंडासमोर दोन्ही हात हलवले, आणि मग खिडकीकडे वळून तेच. तो म्हणाला, "मी म्हटलं, बाबा, मी काय गोणी आहे का. हसलेसुद्धा नाहीत."

थांबून झालं होतं. आता विचारायचं होतं. ती वडिलांसमोर जमिनीवर बसली.

"बाबा, जायचं नाही का?"

वडिलांनी मूठ आवळली. आहे तसं धरून ठेव.

"मग पाटीवर जातो का लिहिलंत?"

वडिलांनी हात पुढे केला. भावानं कपाटावरून पाटी आणून दिली. त्यांनी तो जुना शब्द बाहीनं पुसला आणि लिहिलं. विचारलं कुणी?

खरंच कुणी विचारलं नव्हतं. भावानं आपली काळजी सांगितली होती, तिनं त्याचा बेत सांगितला होता, आणि दोघांना सोपं जावं म्हणून वडिलांनी जे लिहायचं ते लिहिलं होतं.

पण भाऊ हट्टी आहे, आणि त्याचा प्रश्न अजून तिथेच होता. तो म्हणाला, "ठीक आहे. पण पडलात तर? मागच्या वेळी हिला वरून दिसलं म्हणून निभावलं. आता त्या काचेतून काय दिसणार?"

वडिलांनी खुर्चीचा हात थोपटला, मग बोटानं समोर दाखवलं. ओट्यावर एक लहान खिडकी आहे, धूर जाण्यापुरती. तिच्यातून नदीकाठचं झाड दिसतं आणि पुलाचा खांब, आणि त्या दोघांच्या मधल्या फटीतून पलीकडच्या धक्क्याचा एक तुकडा. बाहेरच्या खोलीतून पाचवं दार दिसतं, पण धक्का दिसत नाही, तो झाडाआड जातो. इथून दारं दिसत नाहीत, धक्का दिसतो. खुर्ची ओट्याच्या वाटेत, नेमकी तेवढ्याच जागी ठेवली तर.

तिनं खुर्चीकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे. आठवडाभर ते दुपारी खुर्ची ओढत आणून बघत होते, आणि संध्याकाळी ती त्यांना बोलणी ऐकवून खुर्ची परत नेत होती.

वडिलांनी बोट वर करून फिरवलं. उचल. जा, जाऊन उभी राहा.

ती पुन्हा पूल ओलांडून आली. काच लाकडी ठोकळ्यांवर टेकवून ठेवली होती आणि माणसं चहा पीत होती. मुकादमानं नजरेनं विचारलं. तिनं मूठ दाखवली, आणखी जरा. मग झाड आणि खांब यांच्या मधली जागा शोधत ती धक्क्याच्या कडेनं चालत गेली. साधारण तिथेच, जिथे सात वर्षांची असताना उभी राहिली होती. धक्का काही फार लांब नाही, दुसरीकडे कुठे उभी राहणार. तिनं फडकं झटकलं आणि हात डोक्यावर ठेवला.

पलीकडे, एवढ्याशा खिडकीत, काहीतरी पांढरं हललं. मग एक हात वर गेला आणि डोक्यावर टेकला. मग त्या हातानं हवा थोपटली.

फोन वाजला. भाऊ होता.

"ताई, दिसतेस तू. म्हणजे तोंड नाही दिसत. हात दिसतात."

"हातच पाहिजेत," ती म्हणाली.

नऊला आर्किटेक्ट बाई आल्या आणि काच खाली का, असं त्यांनी मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, खूण झाली. कुणाची, तर त्यानं नदीपलीकडे बोट केलं. बाईंनी तिकडे बघितलं, मग तिच्याकडे. मग कारण विचारलं आणि तिनं ते थोडक्यात सांगितलं. बाई म्हणाल्या, हे आधी कळतं तर एखादी झडप ठेवता आली असती. आता काच कापून आली आहे. ती म्हणाली, नको, काच बसू दे. पाच मजले चढण्यापेक्षा धक्का बरा. आणि हे तिनं मनापासून म्हटलं.

दुपारच्या आत काच चढली. वडील स्वयंपाकघरातून बघत होते, असं भावानं नंतर सांगितलं. दारं तिथून दिसत नाहीत, त्यामुळे त्यांना फक्त काच धक्क्यावरून उचललेली दिसली आणि मग झाडाच्या वर नाहीशी झालेली. ते वाट बघत बसले. काही वेळानं मुकादम धक्क्याच्या त्या तुकड्यावर आला. तिनं त्याला तसं सांगून ठेवलं होतं. त्यानं नदीकडे तोंड करून हात डोक्यावर ठेवला. माल पोचला. तेव्हा वडिलांनी बूट काढले.

भाऊ रविवारपर्यंत राहणार आहे. संध्याकाळी त्यानं बाजारातून स्टीलचा दांडा आणला आणि मोरीच्या भिंतीत, धरून उठायला, स्वतः बसवला. तो थोडा तिरका बसला. वडिलांनी धरून पाहिला, तिरकेपणाकडे बघितलं आणि हवा थोपटली. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई दुपारी चारला एकदा वर डोकावतील, हेही ठरलं. तिनं ओट्यावरचे डबे दुसऱ्या बाजूला हलवले, म्हणजे खुर्ची आहे तिथे राहील आणि गुडघेही राहतील.

उद्या शनिवार. गोदामातली कार्यालयं बंद असतात, पण महिन्यातून एकदा पाण्याची टाकी धुवायची असते आणि ते लोक आठाला येतात. म्हणजे आठाला दहा कमी असताना ती धक्क्यावर असेल, झाड आणि खांब यांच्या मधे.